सिव्हर्टचं मरणाचं पिंप

माझा सासरा सिव्हर्ट दर वर्षी नाताळच्या आधी मरायची तयारी करून ठेवत असे. तब्येतीला काही झालेलं नसे, बैलाची ताकद होती त्याच्यात. पण घरची बिअर तयार झाली की तो एक लहान पिंप वेगळं काढायचा, बूच ठोकायचा, बुचाभोवती राळ ओतायचा आणि ते तळघरात उत्तरेच्या भिंतीशी लावून ठेवायचा. "हे माझ्या मातीचं!" असं घरभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचा.

आमच्या डोंगरात माणूस गेला की मातीला आलेल्यांना घरची बिअर पाजावी लागते. मेलेल्याला त्याचं काही नसतं, मागे राहिलेल्यांची अब्रू त्या पिंपात असते. सिव्हर्टचा घरच्यांवर तेवढा भरवसा नव्हता. "मिक्केल माझाच मुलगा," तो म्हणायचा, "गुणी आहे. पण बिअरच्या कामात त्याचा हात म्हणजे गाईचा खूर. आपली सोय आपण केलेली बरी."

मग मे महिना यायचा. नदीला बर्फाचं पाणी यायचं, बर्चच्या झाडांना पालवी फुटायची आणि सिव्हर्ट ठणठणीत असायचा. तो अंगणात उभा राहून ओढ्यापलीकडे हाक मारायचा, "हाल्दोर! अरे, यंदाही जमलं नाही बघ मरायला! ये!" हाल्दोर, त्याचा पलीकडचा जुना दोस्त, आपला लाकडी वाडगा काखेत मारून ओढ्यावरच्या फळीवरून यायचा. दोघं गोठ्याच्या भिंतीला टेकून उन्हात बसायचे आणि संध्याकाळपर्यंत ती मातीची बिअर संपवायचे.

"पुढच्या साली तरी वेळेवर मर," उठताना हाल्दोर म्हणायचा. "मला निम्मं पिंप झेपत नाही आता."

"आधी तू मर. तुझ्या मातीला मीच बिअर करणार आहे."

"कर की. पण आंबट निघाली तर उठून बसेन, सांगून ठेवतो."

हे मी किती वेळा ऐकलं असेल! तेव्हा हसायचे. आता कुणी हे बोलणं काढलं तर मी भांडी आवरायचं निमित्त करून आत जाते.

मी योरुन, मिक्केलची बायको. समुद्राकाठच्या शहरात वाढले, लग्न करून इथे व्हॉस गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत आले. सिव्हर्टनं पहिल्याच दिवशी मला तळघरात नेलं. बाकीच्या सासवा-सासऱ्यांनी सुनेला गोठा दाखवला असता, ह्यानं पिंपं दाखवली. ओकच्या फळ्यांची, हेझलच्या लवचीक काठ्यांच्या कड्यांनी आवळलेली बारा लहान पिंपं. सगळी हाल्दोरनं बनवलेली.

"इतकी लहान का?" मी विचारलं. "एक मोठं असतं तर कमी धुवावं लागलं असतं."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी देवळात थुंकले असते तरी बरं. "पोरी, बिअरचा एकच वैरी आहे, हवा. मोठं पिंप उघडलं की ते संपेपर्यंत आठवडा जातो आणि तोवर आत हवा नांदते. लहान पिंप एका बैठकीत रिकामं होतं. शिवाय एक बिघडलं तरी बाकीची उरतात. काठोकाठ भरायचं, बूच ठोकायचं आणि त्याचा दिवस येईपर्यंत हात लावायचा नाही. चाखून बघायला म्हणून बूच काढणारा आणि झोपलेल्या पोराला चिमटा काढणारा, दोघं सारखेच."

पण खरी मेहनत भरण्याआधीची. जुनिपरच्या, म्हणजे डोंगरावरच्या सुवासिक काटेरी झुडपाच्या, हिरव्या फांद्या पाण्यात उकळायच्या, ते तपकिरी पाणी उकळतं असतानाच पिंपात ओतायचं, पिंप लोळवायचं, ओतून द्यायचं, पुन्हा भरायचं. मग तो बुचाच्या भोकाला नाक लावायचा. डोळे मिटून बराच वेळ. रिकाम्या पिंपात कुठे फळीच्या सांध्यात जुन्या बिअरचा थेंब आंबला असेल तर तिथेच कळायचं. त्याला वास आला की तो पिंपावर दोन बोटं टेकून एवढंच म्हणायचा, "परत." मग पुन्हा आग, पुन्हा पाणी, पुन्हा फांद्या. जुनिपर संपला असेल तर डोंगरावर जाऊन तोडून आणायचा. त्यात कुणाचं काही चालत नसे. सगळ्या वस्तीच्या लग्नांची, बारशांची, मातीची बिअर सिव्हर्ट करायचा आणि चाळीस वर्षांत त्याचं एक पिंप आंबलं नव्हतं. असं तो स्वतः कधी म्हणाला नाही. लोक म्हणायचे आणि तो ऐकू न आल्यासारखं करून मिशीत हसायचा.

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली त्या हिवाळ्यात तो तापानं पडला. तीन आठवडे. उठला तेव्हा तसा बरा होता. एकदा मी दूध चुलीवर ठेवून कोंबड्यांकडे गेले आणि परत येते तो सगळं घर करपल्या दुधाच्या वासानं भरलेलं. सिव्हर्ट चुलीपासून दोन हातांवर बसून चमचा कोरत होता.

"अहो बाबा, दूध जळलं की सगळं! वास नाही आला?"

त्यानं मान वर केली. पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली.

"दार लाव," तो म्हणाला. मी लावलं. "तापानंतर काहीच येत नाही. कॉफीचासुद्धा नाही. जिभेला आंबट-खारट कळतं, तेवढंच. मिक्केलला सांगू नको. कुणालाच नको."

"पण मग पिंपं?"

"तुझं नाक चांगलं आहे. गोठ्यातली गाय आजारी पडायच्या आधी तुला कळतं."

असं ते सुरू झालं. पिंप धुवून झालं की आधी तो वाकायचा. लोक बघत असले तरी नसले तरी वाकायचा, डोळे मिटायचा, तेवढाच वेळ थांबायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं ते. मग पिंप माझ्याकडे सरकवायचा, जणू मी नुसती हातभार लावायला उभी आहे. मी वास घ्यायचे आणि बोटाच्या पेरानं फळीवर वाजवायचे. एकदा वाजवलं म्हणजे स्वच्छ. दोनदा वाजवलं म्हणजे परत. आणि तो कोरड्या आवाजात जाहीर करायचा, "परत" किंवा "भरा". तीन वर्षं आम्ही असं केलं. मिक्केललाही पत्ता नव्हता. मला ह्या गोष्टीचा अभिमान होता, हे कबूल करते. एवढा मोठा माणूस माझ्या एका पेरावर चालत होता.

हाल्दोर नोव्हेंबरात गेला. शेवटचे दोन महिने अंथरुणावरच होता. सिव्हर्ट रोज फळीवरून पलीकडे जायचा, दोघं फारसं बोलत नसत. गेला त्याच दिवशी सिव्हर्टनं सातू बाहेर काढले. मातीला आठवडा होता. बिअर आंबवायचं विरजण घालताना त्यानं परंपरेप्रमाणे पातेल्यावर वाकून आरोळी ठोकली, भुतंखेतं पळावीत म्हणून ठोकतात ती, पण आरोळी मध्येच फाटली.

सहा पिंपं भरायची होती. पाच आमची. सहावं हाल्दोरची बायको रॅग्ना घेऊन आली, हाल्दोरनं उमेदवारीच्या काळात बनवलेलं त्याचं पहिलं पिंप. एक फळी जरा वाकडी होती. "ह्यातलीच प्यायचा घरी," ती म्हणाली. "आठवणीचा वाडगा ह्यातून भरा." आठवणीचा वाडगा म्हणजे शेवटचा. सगळे उभे राहतात, मेलेल्याचं नाव घेतात आणि वाडगा हातोहात फिरतो.

भरायचा दिवस शनिवार होता. दुपारी साडेतीनच्या बसनं मी आणि मिक्केल खाली गावात सिनेमाला जाणार होतो. महिन्यातून एकदा यायचा सिनेमा. मी निळा झगा इस्त्री करून खुर्चीवर टाकला होता. पाच पिंपं झाली, पाचही वेळा एकदा वाजवलं. तीन वाजत आले होते. जुनिपरचं पाणी तळाला गेलं होतं, फांद्या संपल्या होत्या. सिव्हर्टनं हाल्दोरचं पिंप घेतलं, वाकला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. मग माझ्याकडे सरकवलं.

मी नाक लावलं. वास होता. फार नाही, तळाशी, सांध्यात कुठेतरी, लोणच्याच्या जुन्या बरणीला येतो तसा. दोन महिने पिंप बुचाशिवाय रिकामं पडलेलं. मला स्पष्ट कळलं. माझं नाक चुकलं नाही, हे मला आज कुणाच्याही समोर सांगता येईल, आणि तेच सांगणं सगळ्यात अवघड आहे.

परत म्हणजे गुडघाभर बर्फातून वर जाऊन फांद्या तोडायच्या, आग पेटवायची, दीड तास. बस जाणार. माझ्या मनात त्याचंच वाक्य आलं, एक बिघडलं तरी बाकीची उरतात. आणि बिघडेल असंही नाही, मी स्वतःला म्हटलं, थंडी आहे, चार-पाच दिवसांचा तर प्रश्न.

मी एकदा वाजवलं.

"भरा," सिव्हर्ट म्हणाला.

आम्हाला बस मिळाली.

मातीला सगळी वस्ती आली होती. वाळवलेलं मटण, लेफ्सेच्या पोळ्या, लोणी, साय. पाच पिंपं एकामागून एक उघडली आणि पाचही अशी निघाली, की दुखवट्यातसुद्धा लोकांना जरा गाणं सुचायला लागलं. "सिव्हर्टचा हात तो हात," असं चर्चमध्ये घंटा वाजवणारा म्हातारा तीनदा म्हणाला. मी मान खाली घालून पोळ्या वाढत होते. पाच चांगली निघाली म्हणजे सहावंही निघेल असं मला वाटायला लागलं होतं.

मग सगळे उभे राहिले. सिव्हर्टनं हाल्दोरच्या पिंपाला तोटी ठोकली आणि वाडगा भरला. पहिला घोट रॅग्नाचा. तिनं वाडगा वर केला, "हाल्दोर," म्हणाली आणि प्यायली. तिचा गळा हलला, चेहरा हलला नाही. तिनं वाडगा पुढे दिला. पुढच्यानं ओठ लावले आणि थांबला. त्याच्या पुढच्यानंही. वाडगा सिव्हर्टपर्यंत आला. त्याला वास कळत नव्हता, पण जिभेला आंबट कळायचं.

घंटेवाल्याला चढली होती. "हाल्दोर आता उठून बसणार हो!" तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. सिव्हर्टनं वाडगा दोन्ही हातांनी खाली ठेवला. मला वाटलं, आता तो माझ्याकडे बघेल. त्यानं बघितलं नाही.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली, माझं नाक गेलंय. मी सांगितलं नाही. गर्व होता. हाल्दोरच्या पिंपात माझा गर्व आंबला, रॅग्ना. मला माफ कर."

तेव्हा माझं तोंड उघडायला हवं होतं. माझ्या हातात पोळ्यांचं ताट होतं. मी ते धरून उभी राहिले.

घरी येताना ओढ्यावरच्या फळीवर तो थांबला. मिक्केल पुढे गेला होता. "तू मनाला लावून घेऊ नको, पोरी," तो मला म्हणाला. "नाकं चुकतात. दमली होतीस त्या दिवशी. माझं काम तुझ्यावर टाकलं, तीच चूक."

मला शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्यानं मला माफ केलं, आणि तेही मी न केलेल्या चुकीसाठी.

त्यानंतर सिव्हर्टनं बिअर केली नाही. लोक आले विचारायला, दोघं-तिघं. "नाक नसलेल्याला काय विचारता," म्हणून त्यानं परत पाठवलं. त्याचं विरजण, लाकडी कड्यांच्या माळेवर वाळवून ठेवलेलं, त्याच्या आज्यापासून ह्या घरात जिवंत असलेलं, तुळईला टांगून राहिलं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला बुरशी धरली. त्यानं ते काढून चुलीत घातलं. मी बघत होते. पिंपं सुकली, फळ्या आकसल्या, कड्या सैल झाल्या. उत्तरेच्या भिंतीशी काही ठेवलं जात नव्हतं. मे महिना आला तरी अंगणातून कुणी कुणाला हाक मारत नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. कुणी नुसतं दारावर टकटक केलं तरी मी दचकायचे. एक टकटक असेल तर जास्तच.

चौथ्या हिवाळ्यात सिव्हर्टचे पाय सुजले. डॉक्टर येऊन गेला आणि जाताना मिक्केलशी ओट्यावर हळू आवाजात बोलला. त्या संध्याकाळी सिव्हर्ट खिडकीशी बसून म्हणाला, "आता मात्र जमेल मरायला. आणि बघ, ह्याच वेळी पिंप नाही." हसत म्हणाला तो. मिक्केल म्हणाला, दुकानातून आणू बाटल्या. सिव्हर्ट म्हणाला, "आण. लिंबू-सरबतही आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढा ओलांडून रॅग्नाकडे गेले. हाल्दोरनं फार वर्षांपूर्वी सिव्हर्टकडून विरजण नेलं होतं, ते तिनं टिकवलं होतं. आमच्याकडे विरजणाला नाही म्हणायची रीत नाही. पण देणाऱ्यानं एक प्रश्न विचारायची रीत आहे, आणि घेणाऱ्यानं त्याला खरंखरं उत्तर द्यायचं असतं, नाहीतर विरजण उठत नाही असं मानतात.

रॅग्नानं माळ खुंटीवरून काढली, मांडीवर घेतली आणि विचारलं, "तुमच्या घरचं कशानं गेलं?"

बुरशीनं, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"माझ्यामुळे," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. वास, बस, निळा झगा, सगळं. सांगताना मी रडले, पण रॅग्ना माझं रडणं बघत नव्हती, हातातल्या कड्या एकेक करून फिरवत होती.

"मी तो घोट गिळला," ती शेवटी म्हणाली. "नवऱ्याच्या नावानं भरलेलं थुंकायचं कसं, म्हणून गिळला. चार वर्षं समजतेय, म्हाताऱ्याच्या हातून झालं. आणि तू सिनेमाला गेलीस."

"हो."

"मला कशाला सांगतेस? मी काय पाद्री आहे? ज्याला सांगायचं तो अजून खुर्चीत बसलाय." तिनं माळ माझ्याकडे फेकल्यासारखी दिली. "घेऊन जा. आणि भरायच्या आधी सांग त्याला. नाही सांगितलंस तर ही मला परत आणून दे, योरुन, आणि ओढ्याच्या ह्या बाजूला पुन्हा येऊ नको."

दोन दिवसांनी सकाळी मी आग पेटवली. सिव्हर्टला खुर्चीसकट उचलून मिक्केलनं चुलीशी आणून ठेवलं आणि तो दूध घेऊन खाली गावात गेला. सिव्हर्टनं माळ हातात घेतली, बोटांनी चाचपली. "ही रॅग्नाकडची," तो म्हणाला. बाकी काही विचारलं नाही. पण दुपारपर्यंत त्याची जीभ सैल सुटली. पाणी फार गरम आहे, पाणी थंड आहे, ढवळतेस की पाळणा हलवतेस. विरजण घालताना मी आरोळी ठोकली तर म्हणाला, "मांजर व्यालं का कुठे? भुतं पळायची सोडून बाळंतविडा घेऊन येतील." मला इतकं बरं वाटत होतं, की सांगायचं राहून जावं असं वाटायला लागलं. खोटं नाही बोलत. तेव्हाही वाटलं.

बिअर तिसऱ्या दिवशी भरायची होती. मिक्केल गोठ्यात होता. बारा पिंपांतलं एकच अजून पाणी धरत होतं. मी ते जुनिपरच्या उकळत्या पाण्यानं धुतलं आणि सिव्हर्टच्या गुडघ्यांवर ठेवलं. तो वाकला. चार वर्षांनी. डोळे मिटून, तितकाच वेळ. मग पिंप माझ्याकडे सरकवलं आणि वाट बघत राहिला.

मी वास घेतला. जुनिपर आणि ओलं लाकूड, दुसरं काही नाही. मी पेर फळीपाशी नेलं आणि ते पुढे जाईना.

"बाबा," मी म्हणाले, "हाल्दोरबाबांच्या पिंपाला वास येत होता."

"माहीत आहे. आंबलं म्हणजे वास असणारच."

"मला आला होता तो. तेव्हाच आला होता. मी तरीही एकदाच वाजवलं."

चुलीत लाकूड फुटलं. सिव्हर्ट माझ्याकडे बघत होता आणि मला खाली बघायची सोय नव्हती.

"का?"

"सिनेमाला जायचं होतं. साडेतीनची बस होती."

त्याचे हात मांडीवर होते. पिंप आता माझ्याकडे होतं, तरी ते धरल्यासारखेच राहिले होते.

"चांगला होता का?" त्यानं विचारलं.

"काय?"

"सिनेमा."

"आठवत नाही."

त्यानं मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. मग पिंपाकडे बोट केलं. "परत."

"ह्याला वास नाही, बाबा. खरंच नाही."

"परत," तो म्हणाला.

पाणी संपलं होतं, फांद्याही. मी कोयता घेतला आणि बर्फातून वर गेले. चार वर्षांपूर्वी जायला हवं होतं त्याच वाटेनं. फांद्या आणल्या, आग पेटवली, धुतलं. "परत," तो म्हणाला. पुन्हा गेले. अंधारून येईतो तीनदा धुतलं. तिसऱ्यांदा पिंप पुढे ठेवलं तेव्हा तो वाकला नाही, नाकही लावलं नाही. नुसता बसून राहिला. मी वास घेतला आणि एकदा वाजवलं.

"खरं?" त्यानं विचारलं.

"खरं."

"भर."

तीन वर्षं तो माझ्या पेरावर चालला होता आणि एकदाही त्यानं "खरं?" हा शब्द उच्चारला नव्हता. आता तो त्याच्या तोंडी बसला. कॉफी गरम आहे म्हटलं की, "खरं?" बाहेर बर्फ थांबलंय म्हटलं की, "खरं?" रागानं नाही, टोमणाही नाही. सवयीनं, जिना उतरताना म्हातारी माणसं कठडा धरतात तसा तो हा शब्द धरायचा. मी दर वेळी "खरं" म्हणायचे. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. एकदा माफी मिळाली होती, ती चुकीच्या पत्त्यावर आली होती. दुसरी मागायला तोंड नव्हतं.

उत्तरेच्या भिंतीशी ठेवायला त्यानं पिंप मिक्केलला उचलू दिलं नाही. मला उचलायला लावलं.

एप्रिलमध्ये तो गेला. मे महिन्यापर्यंत टिकला असता तर ते पिंप आम्ही अंगणातच संपवलं असतं. मातीला सगळी वस्ती आली. मिक्केलनं दुकानातल्या बाटल्या आणल्या होत्या, लोकांनी त्या मुकाट्यानं संपवल्या. शेवटी सगळे उभे राहिले आणि मी पिंपाला तोटी ठोकली. आठवणीच्या वाडग्यातला पहिला घोट मेलेल्याच्या घरच्या बाईचा, तो आता माझा होता. रॅग्ना माझ्या समोर उभी होती. वाडगा माझ्या हातात होता आणि घंटेवाल्यासकट सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी "सिव्हर्ट" म्हणाले आणि प्यायले.

"कशी आहे?" रॅग्नानं विचारलं.

"चांगली आहे," मी म्हणाले. कुणी पुढे काही विचारलं नाही. मी वाट बघितली, पण विचारणारा त्या खोलीत नव्हता.

"खरं," मी म्हणाले आणि वाडगा तिच्या हातात दिला.